चुकवलेला व्हरांडा

मला खांबांची रांग काढता येते. त्यात काय एवढं, असं वाटत असेल तर एक कागद घ्या आणि काढून बघा. पहिला खांब जवळचा, उंच. मग मागे मागे जाणारे, बुटके होत जाणारे. उंची सगळ्यांना जमते. खांबांच्या डोक्यावरून एक रेघ आणि पायातून एक रेघ लांबच्या एका ठिपक्याकडे नेली की उंची आपोआप मिळते. घोडं अडतं ते अंतरापाशी. पहिल्या आणि दुसऱ्या खांबात एवढी जागा सोडली, तर दुसऱ्या आणि तिसऱ्यात किती सोडायची? खऱ्या व्हरांड्यात सगळी अंतरं सारखी असतात, पण कागदावर ती सारखी काढून चालत नाही. आमच्या वर्गातल्या मुली दर वेळी एक बोट कमी करतात. चार बोटं, तीन, दोन, एक. मग जागा संपते आणि खांब उरतात. रांग लांब जायच्या ऐवजी धडपडत जाऊन भिंतीवर आपटते.

या चुकीला आमच्या घरात ‘जिना’ म्हणतात. पायऱ्यांसारखी ठरावीक मापाने उतरत जाते म्हणून. हे नाव काकांनी ठेवलं होतं. “व्हरांडा सांगितला होता, जिना कुणी मागितला?” असं ते म्हणायचे, आणि आपण काढलेलं सगळं पुसायला लागायचं.

खरी पद्धत दोरीची. खांबांच्या निम्म्या उंचीवरून तिसरी रेघ त्याच लांबच्या ठिपक्याकडे न्यायची. मग पहिल्या खांबाच्या डोक्यावर दोरी धरायची, दुसऱ्या खांबाच्या बरोबर मध्यावरून तिरकी खाली जाऊ द्यायची, आणि ती जमिनीच्या रेघेला जिथे टेकेल तिथे तिसरा खांब. मग दुसऱ्याच्या डोक्यावरून तिसऱ्याच्या मध्यातून, की चौथा आला. पहिलं अंतर तेवढं आपण ठरवायचं. बाकीची दोरी ठरवते, आपण मधे नाक खुपसायचं नाही.

हे मला मागच्या वर्षी जमलं आणि माझं नशीबच पालटलं. त्याआधी वर्गात कुणी नाव घेतलं तरी मला घाम फुटायचा. एकदा चित्रकलेच्या बाईंनी फळ्यावर झाडांचा रस्ता काढायला बोलावलं. मी दोरी मागितली, तिला खडू चोळला, शेजारणीला एक टोक धरायला लावलं आणि असा रस्ता काढला की मागच्या बाकावरच्या मुली उभ्या राहून बघायला लागल्या. “कुणी शिकवलं गं हे?” बाईंनी विचारलं. “आमचा धंदाच आहे तो,” मी म्हटलं. सगळ्या हसल्या, पण चांगलं हसल्या. तेव्हापासून माझं तोंड जे सुटलंय ते सुटलंयच, असं आई म्हणते. आता वर्गातल्या निम्म्या मुलींच्या वह्यांत माझेच खांब आहेत.

धंदा म्हणजे नाटकांचे पडदे रंगवणं. बाबा आणि मोठे काका, दोघं भाऊ मिळून करायचे. घराच्या पुढच्या अंगाला पत्र्याची लांब खोली आहे. तिच्या एका भिंतीवर मांजरपाट ताणून ठोकायचं, त्यावर सरस आणि खडूपूड फासायची, वाळलं की कोळशाने आखायचं आणि मग रंग. आखताना लांबचा ठिपका म्हणजे भिंतीत ठोकलेला एक खिळा. त्याला बांधलेल्या दोऱ्या काका सांभाळायचे आणि कोळसा बाबांच्या हातात. काका अखंड बोलायचे. बाबा एक शब्द बोलायचे आणि तोही बहुतेक “ताण” असायचा. मला काका ‘फूटपट्टी’ म्हणायचे, कारण मी हडकुळी आणि सरळसोट. “फूटपट्टी, जरा इकडे उभी राहा, रेघ मारायचीय.”

थंडीत काका गेले. सकाळी ब्रश धुताना छातीत कसंतरी होतंय म्हणाले आणि दुपारी नव्हते. बाबांनी सगळं नीट केलं. आल्यागेल्याला पाणी दिलं, बसायला दिलं, रडलेसुद्धा नाहीत. आत्या म्हणालीही, बघा कसा खंबीर आहे. मग पाहुणे गेले, आणि बाबा दुपारचे म्हणून पलंगावर आडवे झाले ते तसेच. म्हणजे उठायचे, जेवायचे, आंघोळही करायचे कधीकधी. पण परत पलंगावर. भिंतीकडे तोंड करून. झोपलेले नसायचे, डोळे उघडे असायचे.

आई म्हणायची डॉक्टरांना दाखवू. मी म्हणायची, काही नको, काम आलं की उठतील. आणि बाबा, ज्यांना कशाचंच काही नव्हतं, ते तेवढं बरोबर उचलायचे. “पोरगी म्हणतेय ना. काम आलं की होईल.” म्हणजे आईच्या विरुद्ध आम्ही दोघं. मला तेव्हा त्याचा अभिमानच वाटायचा.

आणि काम आलं. पुटपुटे सर आले. हे नावही काकांचंच. सर नाटकं बसवतात, नटांना पार शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला लावतात आणि स्वतः असे पुटपुटतात की आपल्याला त्यांच्या ओठांकडे बघायला लागतं. ते पलंगाशेजारी खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “जुन्या इस्पितळाचा व्हरांडा हवाय. एका बाजूला खांब. त्या टोकाला कुणी चालत जाऊ नये असं वाटलं पाहिजे, इतका लांब. पडद्यावर दाखवता येतो हो हल्ली मशीनने. पण मला तो हाताने काढलेला हवाय.”

“होईल,” बाबा म्हणाले.

त्या एका शब्दावर मी उड्या मारत शाळेत गेले. घरी आल्यावर मांजरपाट ठोकलं. सरस उकळला, सगळ्या घरात वास सुटला, आई नाकाला पदर लावून फिरत राहिली. मी मुद्दाम बाबांच्या खोलीचं दार उघडं ठेवलं. या वासावर बाबा उठणार नाहीत असं होणारच नाही, असं मला वाटत होतं. बाबांनी कूस बदलली आणि म्हणाले, “दार लोटून घे गं जरा.”

आई दवाखान्यात कामाला आहे, तिथे केसपेपर काढते. त्या संध्याकाळी ती भांडी घासत होती आणि मी विसळत होते.

“तू माझ्या बाजूने का बोलत नाहीस?” तिने विचारलं.

“कारण बाबा आजारी नाहीत.”

“मग काय आहेत?”

“दमलेत.”

“पडून राहून कोण दमतं गं? तो शर्ट कधीपासून अंगावर आहे बघ. दाढी बघ. मी दिवसभर तेच करते, दारातून माणूस आत आला की त्याच्या खांद्यांवरून मला कळतं.”

“मग तूच का होत नाहीस डॉक्टर?”

“चालव, तोंड चालव. तुझं सुटलंय आणि त्यांचं मिटलंय, एवढंच झालंय या घरात.” तिने कढईवर घासणी जोरात फिरवली. “आमच्याकडे आठवड्यातून एकदा एक बाई येतात. अशाच दुखण्याच्या डॉक्टर. शांत आहेत, घाईगर्दी करत नाहीत. मी नाव नोंदवून ठेवलंय. मी सांगितलं तर हे येत नाहीत. तू सांगितलंस तर येतील.”

“मी नाही सांगणार. सगळे म्हणतील वेड लागलं.”

“सगळे म्हणजे कोण?”

मी वाटी दोनदा विसळली. मग म्हटलं, “त्या येतील त्याच्या आधी बाबांनी कोळसा हातात घेतला तर?”

“तर मी परत तोंडसुद्धा उघडणार नाही.”

“आणि नाही घेतला तर मी सांगेन त्यांना. चल.”

आई माझ्याकडे बघत राहिली. पैज जिंकल्यासारखी दिसली नाही. “बरं,” एवढंच म्हणाली.

माझ्याकडे हुकमी पत्ता होता म्हणून मी एवढी फुशारले होते. बाबांना चुकीचं अंतर सहन होत नाही. सहन होत नाही म्हणजे अक्षरशः होत नाही. मी लहान असताना आम्ही एका दुकानात गेलो होतो. तिथे कॅलेंडरवर शेताचं चित्र आणि त्यात कुंपण. बाबा बराच वेळ त्या कुंपणाकडे बघत राहिले, मग खिशातून पेन काढून खुंट दुरुस्त करायला लागले. दुकानदाराने आम्हाला बाहेर काढलं. काका रस्त्यावर पोट धरून हसत होते आणि बाबा म्हणत होते, “पण जिना होता तो.” माझ्या शाळेच्या कागदावर एकदा जिना दिसला तर बाबा भरल्या ताटावरून उठले होते, हात धुऊन. आई दोघांवर चिडली होती.

तेव्हा मी ठरवलं की पडद्यावर जिना काढायचा. मुद्दाम. भिंतभर.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरुवात केली. मुद्दाम चुकायला किती त्रास होतो हे कुणी सांगितलं असतं तर मला खरं वाटलं नसतं. पहिले दोन खांब मी नीट काढले, नाहीतर थट्टा वाटली असती. मग दोरी खुंटीला टांगून ठेवली आणि वितीने मोजायला लागले. दर वेळी थोडं कमी, दर वेळी तेवढंच कमी. हात ऐकेना. तिसरा खांब आपोआप बरोबर जागेवर जायला लागला, तो मी पुसून पुढे ढकलला. चौथा काढताना तर मला कुणीतरी मागे उभं राहून हसतंय असं वाटलं. पुढे पुढे जागा संपत गेली आणि शेवटचे खांब शाळा सुटल्यावर फाटकाशी रेटारेटी करणाऱ्या मुलींसारखे एकमेकांना चिकटले. लांब जाऊन बघितलं. शिसारी येईल असं झालं होतं. पहिले खांब सुस्त आणि शेवटचे घाबरलेले. व्हरांडा कुठेच जात नव्हता.

आता फक्त बोलवायचं बाकी होतं.

“बाबा, जरा बघता का?”

मी त्यांच्या दारापर्यंत गेले.

“बाबा, सरांना दाखवायचंय. एकदा नजर टाका.”

तिसऱ्या हाकेला पलंग करकरला. बाबा आले. लुंगी एका बाजूने लोंबत होती. पत्र्याच्या खोलीत दारातून बराच उजेड येत होता, तो डोळ्यांना लागला असावा, त्यांनी हात आडवा धरला. मी कोळसा अशा ठिकाणी ठेवला होता की त्यांचा हात सहज पोचेल. दोरीही तिथेच, खुंटीवर.

बाबांनी पहिला खांब बघितला. मग हळूहळू नजर पुढे गेली. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. चूक दिसली की त्यांचा अंगठा तर्जनीवर घासायला लागतो. नजर शेवटच्या खांबांपाशी पोचली. तिथे थांबली.

“छान झालंय,” बाबा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

“नीट बघा ना. हे मधले.”

“बघितलं. हात बसला तुझा.”

“अंतरं बरोबर आहेत?”

“असतील की.”

“असतील म्हणजे? तुम्ही सांगा.”

“मला काय विचारतेस आता. तुलाच येतंय सगळं.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता, ठेवला आणि विसरून गेले असावेत असा राहिला. मग तो काढून घेतला आणि ते वळले. आत पलंग पुन्हा करकरला.

मी तिथेच उभी राहिले. इतका राग आला की कोळशाचा तुकडा मुठीत चिरडला. छान झालंय. हे घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. मला खरा व्हरांडा जमला होता त्या दिवशीसुद्धा बाबा “हं” म्हणाले होते आणि मी त्या ‘हं’वर कितीतरी दिवस काढले होते. आता या घाणेरड्या जिन्याला छान.

राग गेला तरी आत जाववेना.

आई कामावरून आली तेव्हा मी पायरीवर बसले होते. तिने आधी माझे काळे हात बघितले, मग आत जाऊन पडदा बघितला. तिला आखणीतलं काही कळत नाही असं ती सांगते, पण इतकी वर्षं तिने याच घरात काढली आहेत.

“हे असं काय काढलंस?” ती बाहेर येऊन म्हणाली. “शेवटी शेवटी कोंडल्यासारखं होतं बघताना.”

“जिना आहे. मुद्दाम काढला.”

“आणि?”

“छान झालंय म्हणाले.”

आई माझ्या शेजारी बसली. पिशवी अजून खांद्यावरच होती. मला वाटलं होतं ती म्हणेल, बघ, मी सांगत होते. तिने माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि पदराने पुसायला लागली, पदर खराब होईल म्हणून मी ओढला तरी सोडला नाही. रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. नंतर आईचा श्वास ऐकू येत राहिला. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं आणि तेव्हाही बघितलं नाही, मी समोर बघत होते.

“मी सांगते त्यांना,” मी म्हटलं.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पलंगाच्या कडेवर बसले. वर्गात फळ्यापाशी उभं राहून पन्नास जणींसमोर बोलायला मला आता काही वाटत नाही. तिथे मात्र तोंड उघडेना.

“बाबा, त्या व्हरांड्यात जिना आहे.”

मी चादरीचं टोक सरळ केलं.

“मी मुद्दाम काढला होता. म्हटलं तुम्ही रागवाल. रागवून उठाल. तुम्हाला दिसलाच नाही.”

मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही.

“दिसला,” बाबा भिंतीला म्हणाले.

“काय?”

“आत आल्याबरोबर दिसला. तिसऱ्या खांबालाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर पुसायला लागलं असतं. मग दोरी बांधायची. मग कोळसा.” त्यांनी मधे मधे थांबत सांगितलं, जड सामान एकेक करून आत आणावं तसं. “तेवढं सगळं डोळ्यांपुढे आलं. वाटलं, कशाला. छान म्हटलं की परत येऊन पडता येतं.”

दिसलं नसतं तर बरं झालं असतं. चष्मा आणला असता. त्यांना सगळं दिसत होतं. खांब दिसत होते, माझी चूक दिसत होती, मी वाट बघतेय हेही दिसलं असणार.

“काकांची आठवण येते का?” मी विचारलं.

“तेच तर. कुणाची येत नाही. काही येतच नाही.”

हे ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. एवढे दिवस मी त्यांच्या बाजूने भांडत होते आणि ते त्या बाजूला नव्हतेच. तिथे मी एकटीच होते.

“बाबा, उद्या आईच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई येतात. तुम्ही जायचं.”

ते कुशीवर वळले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “तुलापण तसंच वाटतं?”

“हो.”

“तू तर म्हणत होतीस...”

“चुकत होते मी. तुम्ही आजारी आहात. पडद्याने नाही होणार ते.”

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, मला समजवायला लागेल, मी वाक्यं तयार ठेवली होती. ते म्हणाले, “बरं.” छान म्हणाले होते त्याच आवाजात. त्यात मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “आणि पुटपुट्यांचं काम?”

“मी करते. सरांना सांगते तुम्हाला बरं नाही म्हणून.”

“त्यांना वेळ लागेल म्हणून सांग. एकटीने वेळ लागतो.”

हे तेवढं कामाचं बोलले. मी त्यावर आशा बांधायला गेले आणि स्वतःला आवरलं. आदल्या आठवड्यात मी एका ‘होईल’वर उड्या मारल्या होत्या.

सकाळी आईने धुतलेला शर्ट काढून दिला. बाबांना बटणं लावायला इतका वेळ लागला की शेवटी तिनेच लावली, खालपासून वर, आणि ते लहान मुलासारखे हनुवटी वर करून उभे राहिले. दाढी केली नाही. आई म्हणाली, राहू दे, तिथे कुणी दाढी बघायला बसलेलं नाही. रस्त्याला लागायचं तर पत्र्याच्या खोलीतूनच जावं लागतं. मी तोवर पडदा पुसून काढला होता, पहिले दोन खांब सोडून. कोळसा पूर्ण निघत नाही. सगळीकडे करडे डाग पडले होते, चुकलेल्या खांबांच्या जागी थोडे जास्त.

बाबा पडद्यासमोरून गेले. मी बघत होते. ते चपला शोधत होते.

“तू येतेस का गं?” आईने दारातून विचारलं.

यावंसं वाटत होतं आणि वाटत नव्हतं. “सर यायचेत,” मी म्हटलं. “तुम्ही जा. मला नंतर सांग, काय म्हणाल्या ते. सगळं सांग, गाळू नकोस.”

“गाळणार नाही,” आई म्हणाली. तिने बाबांच्या कोपराला धरलं. “चला हो, सावकाश. पायरी आहे.”

ते गेल्यावर मी दार उघडंच ठेवलं. दोरी खुंटीवरून काढली. पहिल्या खांबाच्या डोक्यावर एक टोक धरायचं, दुसरं लांब जमिनीच्या रेघेशी ताणायचं, आणि माझे हात दोनच, तेही तेवढे लांब नाहीत. जरा वेळ मी वेड्यासारखी दोरीचं एक टोक घेऊन या टोकाला त्या टोकाला फिरले. शेवटी पहिल्या खांबाच्या डोक्यावर एक चूक, म्हणजे बारीक खिळा, ठोकली, दोरी तिला बांधली आणि खाली उतरून ओढली. ती दुसऱ्या खांबाच्या मध्यावर बसवेपर्यंत वरची गाठ घसरायची. पुन्हा वर चढले, गाठ सरकवली, पुन्हा खाली आले. असं कितीदा केलं कुणास ठाऊक. बसली तेव्हा मी गुडघ्यावर होते. दोरी जमिनीच्या रेघेला टेकली होती ती जागा काल मी काढलेल्या खांबाच्या बरीच अलीकडे होती.

मी तिथे खूण केली, आणि चौथ्यासाठी चूक उपटायला पुन्हा शिडीवर चढले.